संगणकाचा पडदा पूर्ण का भरत नाही?

संगणकावर एखादा तक्ता, चित्र अथवा मजकूर पाहावयाचा असतो तेव्हा तो बहुधा एका चौकटीत दिसतो. या चौकटीस खिडकी असे म्हणतात. परंतु काही कामे अशी असतात की तेथे खिडकी नको असते. पडद्याचा इंचन् इंच त्या एकाच कामासाठी हवा असतो. रुग्णालयातील रांगेचे क्रमांक, ग्रंथालयातील पुस्तकांची सूची, परीक्षेची प्रश्नपत्रिका, गाड्यांच्या वेळा दाखविणारा फलक ही त्याची नित्याची उदाहरणे होत. अशा वेळी आज्ञावली लिहिणारा संगणकास सांगतो, "संपूर्ण पडदा व्यापून टाक." ही आज्ञा दिसावयास अगदी सोपी आहे. तरीही कोठे पडद्याच्या तळाशी टास्कबारची पट्टी तशीच राहते, कोठे दोन्ही बाजूंस काळे पट्टे उरतात, तर कोठे अखेरची ओळच कापली जाते. असे का होते आणि दोष नेमका कोठे आहे हे कसे शोधून काढावे, याचा विचार या पाठात करावयाचा आहे.

विवेचनास सोयीचे व्हावे म्हणून एक काल्पनिक काम हाती घेऊ. समजा, बंगळूरच्या शिवाजीनगर बसस्थानकासाठी बसगाड्यांच्या वेळा दाखविणारा फलक आपणास तयार करावयाचा आहे. (पुण्याच्या वाचकांनी आपले शिवाजीनगर क्षणभर बाजूस ठेवावे. विजापूरकरांनी 1638 साली बंगळूर जिंकले व पुढे ते शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आले, हे लक्षात घेतले म्हणजे त्या नगरातही शिवाजीनगर असावे याचे नवल वाटत नाही.) फलकावर बारा ओळी आहेत, प्रत्येक ओळीत गाडीचा क्रमांक, गंतव्य स्थान आणि सुटण्याची वेळ. फलक म्हणून भिंतीवर एक मोठा टीव्ही टांगला असून त्यामागे एक लहानसा संगणक बसविला आहे. आज्ञावली आपल्या टेबलावरील संगणकावर निर्दोष चालली. भिंतीवर मात्र आठच ओळी दिसू लागल्या.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. आज्ञावलीच्या दृष्टीने काहीच बिघडलेले नाही. तिने बारा ओळी रेखाटल्या आहेत, कोणतीही चूक नोंदविलेली नाही, आणि ती बंदही पडलेली नाही. बंद पडलेला फलक निदान बंद आहे हे सर्वांना कळते. आठ ओळींचा फलक मात्र पुरा असल्यासारखा दिसतो. नवव्या ओळीतील गाडीची वाट पाहणारा उतारू आज ती गाडी नाही असे समजून परत फिरतो. परीक्षेच्या आज्ञावलीत याच रीतीने "उत्तरे जमा करा" ही कळ पडद्याच्या खाली गेली, तर विद्यार्थ्यावर काय प्रसंग ओढवेल याची कल्पना वाचकांनीच करावी.

पडदा एक, मापे चार

संगणकाचे चित्र अतिशय लहान ठिपक्यांचे बनलेले असते. त्यांस चित्रबिंदू म्हणतात. सध्या सर्वत्र आढळणाऱ्या एका जातीच्या पडद्यावर आडव्या रांगेत 1920 आणि उभ्या रांगेत 1080, म्हणजे एकूण 20,73,600 बिंदू असतात. ही संख्या टीव्हीच्या खोक्यावर छापलेली असते, आणि नवशिका आज्ञावलीकार तीच उचलून आपल्या आज्ञावलीत लिहितो. येथेच घोटाळ्यास आरंभ होतो.

कारण पडद्याचे माप सांगणारे चारजण आहेत. पहिली आज्ञावली स्वतः. दुसरी विंडोज, लिनक्स, मॅक यांसारखी संचालन-प्रणाली; ती सर्व आज्ञावल्यांना पडद्यावरील जागा वाटून देते. तिसरे ग्राफिक्स कार्ड. ते तयार चित्र तारेवाटे पुढे पाठविते. चौथी प्रत्यक्ष काच. या चौघांची मापे जुळली तर चित्र पडदाभर येते. ती जुळली नाहीत, तर ज्या दोघांमध्ये फरक पडला त्यांच्या सांध्यावर दोष असतो. म्हणून आज्ञावलीत उगाच आकडे बदलून पाहण्यापूर्वी चौघांनाही एकेकदा विचारावे, हे उत्तम. आमच्या मते या विषयातील निम्मे कष्ट हा क्रम न पाळल्यामुळे होतात.

आठ ओळींचे कोडे

आपल्या फलकावर बारांपैकी आठच ओळी का दिसल्या? आठ म्हणजे बाराच्या दोन तृतीयांश. हा अपूर्णांक आपणास थेट दोषाकडे घेऊन जातो.

विंडोजमध्ये एका इंचात 96 बिंदू धरण्याची जुनी रीत आहे. पुढे पडदे सूक्ष्म होत गेले; त्याच इंचात दीडपट, दुप्पट बिंदू मावू लागले. परिणामी बिंदूंच्या मापाने काढलेली अक्षरे वाचता येऊ नयेत इतकी बारीक झाली. यावर उपाय म्हणून संचालन-प्रणाली सर्व वस्तू 125 टक्के, 150 टक्के अशा प्रमाणात मोठ्या करून दाखविते. जी आज्ञावली या प्रमाणाशी परिचित नाही तिला प्रणाली पडद्याचे खरे माप सांगतच नाही. 1920 × 1080 च्या पडद्यावर प्रमाण 125 टक्के असेल तर "पडदा 1536 × 864 आहे" असे सांगते. 150 टक्के असेल तर "1280 × 720" असे सांगते. आज्ञावलीने त्या मापात चित्र काढले की प्रणाली ते ताणून काचेवर बसविते. अशा चित्राची अक्षरे किंचित धुरकट दिसतात, पण काही कापले जात नाही. हे असत्य आज्ञावलीच्या हितासाठीच असते.

अपघात होतो तो आज्ञावलीने प्रणालीचे न ऐकता खोक्यावरील आकडा धरला म्हणजे. तिला मिळालेला पडदा 720 उंचीचा, आणि ती चित्र काढते 1080 उंचीचे. प्रत्येक ओळ 90 बिंदूंची धरली तर 720 मध्ये बरोबर आठ ओळी मावतात. उरलेल्या चार ओळी काचेच्या खाली, जेथे काहीच नाही अशा जागी, रेखाटल्या जातात.

याच्या उलट प्रकारही घडतो. खिडकी खऱ्या मापाने 1920 × 1080 झाली, पण तिच्यातील चित्राचा कागद 1280 × 720 एवढाच राहिला, तर चित्र डाव्या वरच्या कोपऱ्यात आकसून बसते आणि पडद्याच्या क्षेत्रफळाचा चार नवमांश भाग व्यापते. म्हणून चित्र कोपऱ्यात आलेले दिसले तर प्रथम पट्टी घेऊन त्याची रुंदी मोजावी. ती पडद्याच्या दोन तृतीयांश भरली तर प्रमाण 150 टक्के, चार पंचमांश भरली तर 125 टक्के, असे जवळजवळ निश्चितपणे म्हणता येते. संगणकाच्या दुरुस्तीत लाकडी पट्टीचा उपयोग होतो हे ऐकून हसू येईल, परंतु ते खरे आहे.

आज्ञावलीने आपण प्रमाण जाणतो असे प्रणालीस सांगणे, हा यावरील योग्य उपाय होय. विंडोजमध्ये आज्ञावलीसोबत मॅनिफेस्ट नावाचे एक घोषणापत्र जोडता येते. त्यात हे लिहावे. प्रमाणाची जाणीव नसलेल्या आज्ञावलीचे चित्र ताणून दाखविण्याची सोय विंडोज व्हिस्टापासून, म्हणजे 2007 च्या सुमारास आली. प्रत्येक पडद्यास वेगळे प्रमाण देण्याची सोय 2013 मधील विंडोज 8.1 पासून. यामुळे एक नवीनच अडचण उभी राहिली. खिडकी एका पडद्यावरून दुसऱ्यावर नेली की प्रमाण बदलते. अशा वेळी प्रणाली आज्ञावलीस तसा निरोप पाठविते. तो ऐकून पुन्हा मोजमाप करणे हे आज्ञावलीचे काम आहे. निरोप ऐकण्याची व्यवस्थाच लिहिली नसेल, तर पहिल्या पडद्याची मापे दुसऱ्यावर लागू होतात.

जोडलेल्या पडद्यांविषयी आणखी एक सूचना. मुख्य पडद्याचा डावा वरचा कोपरा शून्य धरतात. त्याच्या डावीकडे दुसरा पडदा असेल तर त्याची आडवी स्थाने ऋण संख्यांत येतात. 1920 बिंदूंचा पडदा –1920 पासून सुरू होतो. ऋण स्थान म्हणजे काहीतरी चूक, असे मानून ते शून्यावर आणणारी आज्ञावली टीव्हीवर कधीच उघडत नाही. ती हट्टाने टेबलावरील पडद्यावरच येते.

मोठी खिडकी आणि पूर्ण पडदा

तळाशी टास्कबार दिसत राहणे हा दोष सर्वांत अधिक आढळतो. खिडकी मोठी करणे आणि संपूर्ण पडदा व्यापणे या भिन्न क्रिया आहेत. मोठी केलेली खिडकी कामाच्या जागेपुरतीच वाढते, आणि कामाच्या जागेतून टास्कबारची जागा वगळलेली असते. विंडोज 10 मध्ये मूळ प्रमाणावर टास्कबारची उंची 40 बिंदू आहे. आपल्या 90 बिंदूंच्या बाराव्या ओळीचे खालचे 40 बिंदू त्यामागे जातील. गाडीचा क्रमांक ओळखू येईल, पण कन्नड अक्षरांखालील ओत्ताक्षरे दिसणार नाहीत. इंग्रजी अक्षरांवर चाचणी घेऊन समाधान मानणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. आपल्या लिप्यांचा पुष्कळसा अर्थ ओळीच्या वर आणि खाली असतो.

टास्कबार दूर करण्यासाठी तिला वेगळी आज्ञा द्यावी लागत नाही. कडा व शीर्षपट्टी नसलेली, पडद्याच्या पूर्ण मापाची खिडकी समोर आली की विंडोज ती ओळखते आणि टास्कबार आपण होऊन मागे सरते. टास्कबार शोधून लपविण्याच्या युक्त्या पुष्कळ प्रचलित आहेत, त्या टाळाव्यात. आज्ञावली मध्येच कोसळली तर लपविलेला टास्कबार तसाच लपलेला राहतो आणि संगणक वापरणारा गोंधळून जातो.

दुसरा मार्ग एकाधिकाराचा आहे. त्यात आज्ञावली ग्राफिक्स कार्डच आपल्या ताब्यात घेते व हवे तर पडद्याचे रेझोल्यूशनही बदलते. जुने खेळ असेच चालत. वापरणाऱ्याने दुसऱ्या आज्ञावलीकडे लक्ष वळविले की हा ताबा सुटतो आणि चित्र पुन्हा उभारावे लागते. ते न जमले तर पडदा काळा राहतो. फलकासारख्या कामास कडा नसलेली खिडकीच पुरेशी आहे. मॅकवर 2011 पासून पूर्ण पडद्यासाठी स्वतंत्र जागाच मिळते. लिनक्सवर खिडक्यांच्या व्यवस्थापकाकडे विनंती करावी लागते, आणि ती मान्य होण्यास क्षणभर वेळ जातो. विनंती केल्याबरोबर माप विचारले तर जुनेच माप मिळते. माप बदलल्याचा निरोप येईपर्यंत थांबून मगच चित्र काढावे. बुचकळ्यात पाडणारे कित्येक दोष एवढ्यानेच नाहीसे होतात.

आकाराचा प्रश्न

येथवर लहानमोठेपणाचा विचार झाला. रुंदी आणि उंची यांच्या गुणोत्तराचा प्रश्न याहून जुना असून तो संगणकाच्या आधी चित्रपटगृहात उद्भवला. 1953 पासून अमेरिकेत सिनेमास्कोप पद्धतीचे चित्रपट येऊ लागले. यात कॅमेऱ्याचे विशिष्ट भिंग रुंद दृश्य आडव्या दिशेने निम्मे दाबून नेहमीच्याच फितीवर उतरवी, आणि प्रक्षेपकाचे भिंग ते पुन्हा पसरी. या पद्धतीचा पहिला हिंदी चित्रपट म्हणजे 1959 चा "कागज के फूल". त्याचे दिग्दर्शक गुरुदत्त यांचा जन्म 1925 साली बंगळूर येथेच झाला, आणि त्याचे छायालेखक व्ही. के. मूर्ती यांनी आपले शिक्षण बंगळूरच्या श्री जयचामराजेंद्र पॉलिटेक्निकमध्ये घेतले होते. पुढे मूर्तींना 2008 सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. अशा फितीपुढे प्रक्षेपकावर साधेच भिंग लावले, तर पडद्यावरील माणसे काठीसारखी उंच व कृश दिसतात. फितीत दोष नसतो. दाबणारा आणि पसरणारा यांचे गणित जुळलेले नसते.

संगणकावरही हेच घडते. सिनेमास्कोपचे गुणोत्तर 2.35 धरले तर 1920 रुंदीच्या पडद्यावर त्याची उंची 817 बिंदू येते. उरलेल्या 263 बिंदूंचे वर आणि खाली काळे पट्टे होतात. चार-तीन या जुन्या गुणोत्तराचे चित्र 1080 उंचीच्या पडद्यावर 1440 रुंद होते व प्रत्येक बाजूस 240 बिंदूंचा पट्टा उरतो. काळे पट्टे हा दोष आहे अशी अनेकांची समजूत असते. वस्तुतः तेच प्रामाणिक चित्र होय. ते घालविण्यासाठी चित्र ताणले तर वर्तुळाची लंबवर्तुळे होतात, आणि कन्नडसारख्या गोलाकार लिपीचे रूप तर पाहवत नाही. पट्टे नकोच असतील तर मांडणी मुळातच पडद्याच्या गुणोत्तराप्रमाणे करावी.

जुन्या आज्ञावल्यांत एक सूक्ष्म भेद आहे. त्या काळी 320 × 200 बिंदूंचे चित्र चार-तीन गुणोत्तराच्या काचेवर पसरत असे. त्यामुळे प्रत्येक बिंदू रुंदीच्या 1.2 पट उंच होता. आजचे बिंदू चौरस आहेत. तेच चित्र जसेच्या तसे दाखविले तर ते चेपलेले दिसते. जुने डॉस आजच्या संगणकावर चालविण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या डॉसबॉक्समध्ये गुणोत्तर सुधारण्याची तरतूद केलेली आहे, ती याचसाठी.

डॉसचा उल्लेख आला म्हणून आपल्याकडील एक प्रकरण सांगितले पाहिजे. डॉसच्या काळात पूर्ण पडदा मागावा लागतच नसे. प्रत्येक आज्ञावलीस 80 स्तंभ व 25 ओळी, म्हणजे 2000 घरांचा सबंध पडदा मिळे. पुढील व्हीजीए यंत्रणेत एक घर 9 बिंदू रुंद व 16 बिंदू उंच असे. इंग्रजीच्या एका अक्षरास ते पुरे. पण वेलांटी, रफार, उकार आणि जोडाक्षरे त्यात कशी बसवावीत? आयआयटी कानपूर येथे सुरू झालेले आणि 1988 साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक संस्थेने पुढे नेलेले जिस्ट कार्ड हे त्यावरील उत्तर होते. संगणकात हे कार्ड बसविले म्हणजे मूळ आज्ञावली न बदलता त्याच पडद्यावर भारतीय लिप्या दिसू लागत. पडदा भरणे याचा अर्थ लिपीगणिक बदलतो, हे आपल्या अभियंत्यांना फार लवकर उमगले होते. पुढे विंडोज व्हिस्टा व विंडोज 7 यांतील ग्राफिक्सची नवी रचना आली तेव्हा हिशेबाच्या जुन्या डॉस आज्ञावल्यांना पूर्ण पडदा मिळणे बंद झाले. तशी कळ दाबताच ही सोय येथे उपलब्ध नाही एवढाच निरोप येई. दोष आज्ञावलीचा नव्हता. संचालन-प्रणालीने जुना दरवाजाच बुजविला होता.

चाचणीचे चित्र

दोष ओळखण्यासाठी प्रत्यक्ष फलकाऐवजी एक चाचणीचे चित्र तयार करावे. दूरदर्शन केंद्रे कार्यक्रमापूर्वी असेच एक चित्र दाखवीत असत, हे वडीलधाऱ्यांना आठवत असेल. चित्राच्या अगदी कडेने एक बिंदू जाडीची पांढरी चौकट काढावी, मधोमध मोठे वर्तुळ काढावे, एका कोपऱ्यात एक काळा व एक पांढरा अशा एकेका बिंदूची जाळी भरावी, आणि एक उभी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकत ठेवावी.

चौकटीची एखादी बाजू दिसत नसेल तर चित्र मापाहून मोठे झाले आहे अथवा झाकले गेले आहे. वर्तुळ लंबगोल झाले असेल तर गुणोत्तर बिघडले आहे. जाळी करड्या रंगाची किंवा लाटांसारखी दिसली तर कोणीतरी मध्येच चित्र ताणत आहे. सरकती पट्टी मधोमध तुटून तिचे वरचे व खालचे भाग पुढेमागे दिसले, तर चित्र पडद्याच्या तालाशी जुळलेले नाही. सेकंदास 60 वेळा नवे होणाऱ्या पडद्यावर एका चित्रास सुमारे 16.7 मिलिसेकंद मिळतात, आणि त्या अवधीच्या मध्येच आज्ञावलीने चित्र बदलले आहे.

यानंतर स्क्रीनशॉट घ्यावा, आणि भिंतीवरील काचेचे छायाचित्रही घ्यावे. ही जोडी फार मोलाची आहे. स्क्रीनशॉट संचालन-प्रणालीजवळचे चित्र दाखवितो. छायाचित्र प्रत्यक्षात काय दिसले ते दाखविते. दोहोंतही चौकट कापलेली असेल तर दोष आज्ञावली व प्रणाली यांच्यामध्ये आहे. स्क्रीनशॉटमध्ये चौकट पुरी आणि छायाचित्रात अपुरी असेल तर आज्ञावलीस हात लावू नये. दोष पुढे, ग्राफिक्स कार्ड किंवा टीव्हीत आहे.

पूर्ण पडद्याची आज्ञावली तपासताना एक व्यावहारिक अडचण येते. ती मध्येच थांबवून तपासावी म्हटले तर तिनेच सर्व पडदा झाकलेला असतो. यासाठी दुसरा पडदा जोडावा किंवा सर्व मापे वेळोवेळी एका फाइलमध्ये लिहवून घ्यावीत. बाहेर पडण्याची कळही पहिल्याच दिवशी ठरवून ठेवावी.

आता आपल्या फलकाकडे वळू. फाइलमधील नोंद सांगते: प्रमाण 150 टक्के, प्रणालीने सांगितलेला पडदा 1280 × 720, आज्ञावलीने काढलेले चित्र 1920 × 1080. घोषणापत्र जोडल्यावर प्रणाली खरे माप सांगू लागली आणि स्क्रीनशॉटमध्ये बाराही ओळी आल्या. छायाचित्रात मात्र चौकटीच्या चारही बाजू अजून गायब आहेत. हा टीव्हीचा जुना संस्कार होय. काचेच्या नळीच्या टीव्हीत चित्राची कड ओबडधोबड असे, म्हणून ती चौकटीमागे लपवीत. कित्येक नवे टीव्हीही त्याच सवयीने चित्र किंचित मोठे करून कडा कापतात. पाच टक्के कापले तर वर आणि खाली 27–27, डावीउजवीकडे 48–48 बिंदू जातात. आज्ञावलीत समास सोडून हे झाकता येते, पण मग टीव्ही बदलला की समास उगाच राहतो. टीव्हीच्याच चित्रमापाच्या यादीत मूळ आकार दाखविण्याचा पर्याय निवडावा.

एवढे झाले आणि रात्री वीज गेली. पहाटे वीज येताच संगणक सुरू झाला, टीव्ही मागाहून. प्रत्येक पडदा आपली मापे 128 बाइटांच्या एका छोट्या नोंदीत संगणकास कळवितो. ती नोंद वेळेवर मिळाली नाही तर संगणक स्वतःच्या अंदाजाने एखादे जुने माप धरतो. समजा, त्याने 1024 × 768 धरले. 90 बिंदूंच्या ओळी लिहिलेल्या असतील तर आठ ओळी व नवव्याचा अर्धा भाग एवढेच दिसेल. ओळीची उंची आकड्याने न लिहिता मोजलेल्या उंचीस बाराने भागून काढली असेल, तर ती 64 येते. टीव्ही जागा होऊन खरे माप कळले व निरोप आला की तीच 90 होते. दोन्ही वेळा फलकावर बारा ओळी असतात.